शेखबाईंची अकराची यादी

शेखबाई यादी भिंतीवर लावत नसत. आमच्या कॉलेजात प्रवेशाच्या याद्या, परीक्षेचे निकाल, हरवलेल्या छत्र्या, सगळं काचेच्या फळ्यावर लागायचं. मुलींच्या हॉस्टेलची प्रतीक्षायादी तेवढी तिथलं ऑफिस बघणाऱ्या शेखबाईंच्या हातात असे. रोज सकाळी अकराच्या ठोक्याला त्या ऑफिसातून बाहेर येत, चष्मा नाकावर सरकवत आणि व्हरांड्यात उभ्या राहून ती वाचून दाखवत. एकदा एका वडिलांनी विचारलं, “अहो, कागद लावून टाका ना एकदाचा, आमचे हेलपाटे तरी वाचतील.” बाई म्हणाल्या, “कागद लावला की लोक कागदाशी भांडतात. त्याला उत्तर देता येत नाही. मला येतं.”

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी करमाळ्याहून आले होते. बारावीला मार्क बरे पडले आणि पुण्याच्या कॉलेजात दुसऱ्या यादीत सायन्सला नाव लागलं. घरात पेढे वाटून झाल्यावर वडिलांनी मला समोर बसवलं. ते शिंपीकाम करायचे, बोलायचे कमी. म्हणाले, “प्रवेश मिळाला, चांगलं झालं. पण राहायची सोय झाली तरच पुणं. नाहीतर इथलं कॉलेज काही वाईट नाही.” इथल्या कॉलेजात सायन्स नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

हॉस्टेलच्या प्रतीक्षायादीत माझा नंबर चौदावा होता. तोवर वारज्याला वडिलांच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे माझी वळकटी टाकली होती. तेव्हा वारजं म्हणजे अर्धं गाव आणि अर्धी नवी बांधकामं. दीड खोलीत त्यांची पाच माणसं, सहावी मी. काकू वाईट नव्हत्या, पण चौथ्या दिवसापासून त्या रोज विचारायला लागल्या, “काय गं, लागला का नंबर?” सातव्या दिवसापासून मी संध्याकाळी परतताना एक बस मुद्दाम सोडायला लागले.

अकराच्या त्या व्हरांड्यात आम्ही वीस-पंचवीस मुली आणि त्यांचे आईबाप उभे असायचो. कोणी नखं खायचं, कोणी जप करायचं. यादी वाचून झाली की शेखबाई मान वर करत. त्यांचं बोलणं जुन्या पुण्याचं, स्वच्छ आणि तोडून टाकणारं. घराणं कसबा पेठेतलं, चार पिढ्यांचं. वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, ते आता धाकटा भाऊ बघायचा. एका मुलीला रडू फुटलं तेव्हा बाई म्हणाल्या, “रडायचं असेल तर नळ त्या बाजूला आहे, तोंडही धुता येईल. नंबर मात्र आठवाच राहील.” आणि यादी वाचून झाल्यावर स्वतःच तिच्याजवळ जाऊन, कुठल्या गावची, घरी कोण कोण, असं चांगलं अर्धा तास विचारत बसल्या. एक गृहस्थ कुठल्याशा साहेबांची चिठ्ठी घेऊन आले. बाईंनी ती उलटसुलट पाहिली. “साहेबांचं अक्षर सुरेख आहे. आपला नंबर अकरावाच आहे.”

“यादी म्हणजे नशीब नव्हे,” त्या म्हणायच्या. “नुसता क्रम आहे. क्रम पुढे सरकतो. नशिबाचं मला ठाऊक नाही, ते दुसऱ्या ऑफिसात.”

त्यांचा एक नियम होता. नाव तीनदा पुकारायचं. मुलगी हजर नसेल तर विचारायचं, “हिचा काही निरोप?” कोणी निरोप आणला असेल तर बाई दुपारी दोनपर्यंत जागा अडवून ठेवत. निरोप नसेल तर पुढचं नाव.

माझ्या आधीचा नंबर वंदना शिंदेचा. ती साताऱ्याकडची. रोज शेजारी उभं राहून आमची ओळख झाली होती. एकाच डब्यातलं खायलाही लागलो होतो. ती एका दूरच्या मावशीकडे उतरली होती, आणि मावशीनं तिला त्या शनिवारपर्यंतची मुदत दिली होती. यादी हळूहळू सरकत गेली. कोणाला मेडिकलला प्रवेश मिळाला, कोणाला पुण्याची हवा मानवली नाही. शुक्रवारी संध्याकाळी वंदना एक नंबरवर होती आणि मी दोनवर.

शनिवारी सकाळी ती मला फाटकाशी भेटली, घाईत. हॉस्टेलच्या अर्जाला डॉक्टरचा दाखला लागायचा, तिचा चुकीच्या नमुन्यावर होता. ती सरकारी दवाखान्यात दुसरा आणायला निघाली होती. “अकरापर्यंत येतेच,” ती म्हणाली. “नाही जमलं तर बाईंना सांग हं, दाखला आणायला गेलीय म्हणून.” मी म्हटलं, “सांगते. तू जा.”

त्याच सकाळच्या एस.टी.नं माझे वडील आले. वारज्याच्या काकांनी त्यांना पत्र टाकलं होतं. काय लिहिलं होतं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. येतानाच त्यांनी माझी ट्रंक आणि वळकटी वारज्याहून उचलून आणली होती. ते जिन्याखाली त्या ट्रंकेवर बसले आणि म्हणाले, “आज काय ते बघू. नाहीतर चारची गाडी आहे.”

अकरा वाजले. बाई बाहेर आल्या. “आज एक कॉट रिकामी झाली आहे,” त्या म्हणाल्या. “क्रमांक एक. कुमारी वंदना शिंदे.”

कोणी पुढे झालं नाही.

“वंदना शिंदे.”

मी जिन्याच्या दाराकडे पाहिलं. जिन्यावर पावलं वाजत होती, पण ती एका शिपायाची होती.

“वंदना शिंदे. हिचा काही निरोप?”

निरोप अगदी ओठांवर होता; चार शब्दांचा. बाई थांबल्या. मला आठवतं त्याप्रमाणे त्या नेहमीपेक्षा जास्त थांबल्या, पण तेही कदाचित माझ्या मनाचंच असेल. खाली ट्रंकेवर बसलेले वडील मला दिसत नव्हते आणि तरी दिसत होते. मी गप्प राहिले.

“क्रमांक दोन,” बाई म्हणाल्या, आणि माझं नाव घेतलं. मी “हजर” म्हटलं.

वंदना सव्वाअकराला आली, धापा टाकत, हातात दाखला. मी ऑफिसच्या दारात सही करत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. “सांगितलं नाहीस?” मी म्हणाले, “मी खाली बाबांकडे गेले होते गं. वर आले तोवर तुझं नाव पुकारून झालं होतं.” शेखबाई दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा उचललं.

वंदना भिंतीला टेकून खाली बसली. “माझंच चुकलं,” ती म्हणाली. “मी काल जायला हवं होतं.”

“कुठे उतरली आहेस?” बाईंनी तिला विचारलं.

“मावशीकडे. आज सोडायचंय.”

“मग माझ्याकडे ये. दुसरी कॉट रिकामी होईपर्यंत.” वंदना त्यांच्याकडे बघतच राहिली. बाई म्हणाल्या, “घर कसब्यात आहे, कॉलेजला चालत येता येतं. आमच्याकडे मटण शिजतं. नको असेल त्या दिवशी वरणभात खा. देवाची तसबीर लावायची असेल तर लाव, खिळा मात्र तूच ठोकायचा. मला नीट ठोकता येत नाही.”

वंदना तीन आठवडे शेखबाईंकडे राहिली. दुकानाच्या वर दोन खोल्या; बाई, त्यांची आई, भाऊ-भावजय आणि ही. वर्गात ती मला तिथल्या गोष्टी सांगायची. बाईंच्या आईनं तिच्या केसांना तेल लावलं, भावानं तिच्या जर्नलला कापडी बांधणी करून दिली. मी ऐकायचे आणि माझं लक्ष लागायचं नाही. हॉस्टेलच्या त्या कॉटवर मला नीट बसताही यायचं नाही. खोलीतल्या मुली म्हणायच्या, “ही सारखी उठून व्हरांड्यात का जाते?” पत्रात वडिलांनी लिहिलं होतं, “जागा मिळाली, तुझ्या कष्टाचं चीज झालं.” ते पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या, आणि एका मुलीनं कॉलेज सोडूनही आपली कॉट चुलतबहिणीसाठी अडवून ठेवल्याचं उघडकीला आलं. ती वंदनाला मिळाली. त्या दुपारी मी ऑफिसात गेले. बाई खोल्यांच्या किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधत होत्या.

“बाई, त्या दिवशी वंदनाचा निरोप होता. माझ्याकडे.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. हात थांबला नाही.

“कोणी सांगितलं?”

“तू. मी तिचं नाव घेतल्यावर बाकीच्या माझ्याकडे बघत होत्या. तू दाराकडे बघत होतीस. जिला काही माहीत नसतं ती दाराकडे बघत नाही.”

“मग तुम्ही मला जागा का दिलीत?”

“नियम निरोपाचा आहे, चेहऱ्याचा नाही. चेहरे वाचून जागा वाटायला लागले तर उद्या माझ्या मर्जीतल्या मुलींचं हॉस्टेल होईल.”

मी रडायला लागले. म्हटलं, मी कॉट सोडते, घरी जाते. त्यांनी शांतपणे पुढची चिठ्ठी बांधली. “तू गेल्यानं आता कोणाची सोय होणार आहे? तिला जागा मिळाली. आणि हे मला सांगून काय उपयोग? माझी कॉट गेली नव्हती. तिला सांग.”

मी म्हणाले, सांगते. सांगितलं नाही. पहिल्यांदा वाटलं, परीक्षा होऊ दे. मग वंदना माझ्याच मजल्यावर आली, मग माझ्या खोलीत, आणि आम्ही इतक्या जवळच्या झालो की सांगणं महिन्यागणिक अवघड होत गेलं. पदवी झाली. तिचं लग्न झालं, ती नाशिकला गेली. मी पुण्यातच शाळेत लागले.

शेखबाई भेटत राहिल्या. दर भेटीत चौकशी झाली की निघताना त्या एकच शब्द विचारत, “सांगितलंस?” मी “नाही” म्हणे. त्या “बरं” म्हणत. रागावल्या नाहीत, उपदेश केला नाही. एकदा मंडईत, त्या निवृत्त झाल्यानंतर, मेथीची जुडी निवडता निवडता त्यांनी मान न वळवता विचारलं, “सांगितलंस?” भाजीवाली म्हणाली, “काय सांगायचं?” बाई म्हणाल्या, “तुम्हाला नाही हो. मेथी जून आहे, एवढंच तुम्हाला.” मी पिशवी उचलून जवळजवळ पळालेच. पुढे वर्षभर मी दुसरीकडून भाजी घेतली.

शेवटी त्या आजारी पडल्या. मी कसब्यात भेटायला गेले तेव्हा त्या पलंगावर होत्या, अगदी बारीक झालेल्या, पण आवाज तोच. डॉक्टरांबद्दल म्हणाल्या, “चांगला मुलगा आहे. रोज येऊन मला माझं वय सांगतो.” मी तासभर बसले. निघाले तेव्हा दारात थांबले, त्या विचारतील म्हणून. त्यांनी विचारलं नाही. डोळे मिटून पडून राहिल्या. इतकी वर्षं तो प्रश्न नको वाटत होता, आणि आता तो आला नाही तर जिना उतरवेना.

आठ दिवसांनी बाई गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्यात वंदना होती. भावजयीच्या खांद्याशी बसून ती घरच्या माणसासारखी येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत होती. थोड्या वेळानं आम्ही दोघी बाहेरच्या गॅलरीत आलो. खाली दुकान बंद होतं. मी तिथंच, उभ्याउभ्या, तिला सगळं सांगितलं. निरोप ओठांवर होता हे सांगितलं. वडील, ट्रंक, चारची गाडी हेही सांगायला लागले, पण मग ते अर्ध्यावर सोडून दिलं.

वंदना खाली गल्लीत बघू लागली. मग म्हणाली, “मी त्या दिवसापासून कुठंही तासभर आधी जाते. मुलाखत असो, मुलांची शाळा असो, गाडी असो. घरचे हसतात मला. मला वाटायचं, आपल्यात हा दोष आहे, आपल्याला उशीर होतो.”

मी गॅलरीचा कठडा धरला.

“बाईंना माहीत होतं?” तिनं विचारलं.

“त्याच दिवसापासून.”

तिचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. “मी त्यांना कितीदा म्हटलं, बाई, त्या दिवशी माझंच चुकलं. दर वेळी त्या म्हणायच्या, तुझं काही चुकलं नाही. मला वाटायचं, समजूत घालतात.”

मी इतकी वर्षं समजत होते की बाई मला विचारतात ते माझ्या मनाची टोचणी जावी म्हणून. गॅलरीच्या कठड्याला धरून उभी असताना मला कळलं की तो प्रश्न माझ्यासाठी कधीच नव्हता. त्यांना वंदनाची काळजी होती.

वंदना आत निघून गेली. मी निघाले तेव्हा तिनं मला हाक मारली नाही. पाच महिने तिचा फोन आला नाही, आणि मीही केला नाही. आला तो एका रविवारी सकाळी. तिनं माझ्या प्रकृतीचं विचारलं, नाशिकच्या उन्हाचं सांगितलं, आणि मग म्हणाली, “मी अजून चिडलेली आहे.”

“हो,” मी म्हटलं.

“पण तू सांगितलंस. हेच मला बाईंकडून कळलं असतं ना, तर मी पुन्हा तुझं तोंड पाहिलं नसतं.”