काठी टाकली त्याआधी

मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या हद्दीच्या नाक्यावर कारकुनानं माझ्या चुलत्याला गुडघ्यांवर बसवलं आणि मेंढरासारखं ओरडायला लावलं. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. तेव्हा साठीचे. भर दुपार. मागं आमची मेंढरं, बायका, घोड्यांवर बांधलेली बिऱ्हाडं. तात्या ओरडले. कळपातली एक मेंढी उलट ओरडली. शिपाई पोट धरून हसले.

मग कारकुनानं माझ्या हातात काठी दिली. "आता हाक याला माघारी."

मी काठी त्याच्या पायाशी टाकली. "न्हाय हाकणार." शिपायांनी मला बडवलं.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. त्या एका वाक्यावर मी जन्मभर मान भोगला. जमातीत लग्न असो, भांडण असो, बसायला घोंगडं आधी मला पडतं. त्याआधीचं कुणाला माहीत नाही.

आम्ही कुंभारीकडचे धनगर. दरसाल दिवाळीनंतर निजामाच्या मुलखात मेंढरं न्यायचो. दोन महिन्यांसाठी कुणी अडवत नसे. अर्ज द्यायचा आणि निघायचं. परवानगी मागनं यायची, कधी आम्ही परतल्यावर. मेंढरू कागदासाठी उपाशी थांबत नाही. त्या साली पाऊसच झाला नव्हता. पुढच्या पावसापर्यंत तिकडंच राहायचं ठरलं. इतक्या लांब मुक्कामाला परवाना आधी हातात लागतो. चौथी शिकलेला मी एकटा. निजामाच्या कचेरीत अर्ज मीच देऊन आलो. येताना एक शिक्क्याचा कागद मिळाला. सगळा मजकूर उर्दूत. मला उर्दू येत नव्हतं.

तात्यांनी विचारलं, "वाचलास न्हवं? परवानाच हाय की ह्यो?"

सगळी माणसं माझ्याकडं बघत होती.

"व्हय तात्या."

'येत न्हाय' एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. चौथीची ऐट.

नाक्यावरचा कारकून मराठीच बोलणारा. "ही नुसती पोच आहे. अर्ज अजून पडून आहे. हा परवाना आहे असं कुणी सांगितलं?"

मी तात्यांकडं बघितलं. नुसतं बघितलं.

तात्या म्हणाले, "मीच म्हनलो सायब, चला म्हनून. पोराला काय म्हाईत."

मग ते गुडघे. ते ओरडणं. काठी मी धाडसानं टाकली नाही. माझ्या जागी बसलेल्या माणसावर हात उचलला गेला नाही, एवढंच.

माघारी येताना चाऱ्यावाचून कोकरं मेली. कळपाची वाट ठरवण्याचा तात्यांचा मान जमातीनं काढून घेतला आणि मला दिला. मी घेतला. पुढच्या साली तात्या सगळ्यांच्या मागं चालले. मला एकदाच बोलले, "येत न्हाय म्हनायला शिक." शिकलो नाही. ते गेले तेव्हा लोक म्हणाले, म्हातारा आडमुठा होता, त्यानंच कळप बुडवला. मी खांदा दिला आणि गप्प राहिलो.

यंदा जत्रेत मला फेटा बांधायचं ठरलंय. मी डोकं पुढं करणार नाही. त्या कारकुनानं माणसाचं जनावर केलं, ते सांगीन. त्याला माफी नाही. पण त्याच्याआधी माझं नाव घेईन, तात्यांच्या नातवासमोर. तो तोंडावर थुंकला तर तोंड फिरवणार नाही. वाट ठरवण्याचा मान त्याच्या घराला परत द्या, हे सगळ्या जमातीकडून कबूल करून घेईन. मगच खाली बसेन.