पत्रकावर माझा फोटो आहे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, देवालाही नाही — देवाला सांगावं लागत नाही म्हणतात, पण मी त्याच्यापुढे हात जोडून दुसरंच काहीतरी बोलत आलोय. तू कोण आहेस ते मला ठाऊक नाही. म्हणून तुला सांगता येईल असं वाटतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिताना चुकेल. तसंच वाच.

काल सकाळी लेटरबॉक्समधून एक रंगीत कागद पडला. उचलला तर माझंच तोंड. मे महिन्यात इथे कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, निवडणूक आहे आणि आमच्या वॉर्डात नेहा उभी आहे. नेहा म्हणजे आमच्या मंडळातल्या डॉक्टरांची मुलगी. जन्म इथला, इंग्लंडातला, लेस्टरचाच. तिचं मराठी म्हणजे "काका, तुमची फोटो किती छान आली!" पोरगी चांगली आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे येणार आहे त्यात तिचा काही दोष नाही.

पत्रकात सगळं कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं आहे. टॅक्स लावायचा तर न्यायाने लावा, म्हणते. घरांच्या किमती धरल्यात त्या तीस वर्षांपूर्वीच्या. आमची ही एकमेकांना चिकटलेली घरं आणि पलीकडचे बागबगीचेवाले, कुणावर किती ओझं पडतं ते पुन्हा तपासा. म्हाताऱ्या माणसाचा एखादा हप्ता चुकला तर लगेच कोर्टाचं पत्र धाडू नका, आधी दार वाजवा. आणि ज्याला सूट मिळते त्याला ती तुम्ही होऊन सांगा, त्याच्या भाषेत सांगा, त्याने शोधत फिरायला नको. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी तिलाच मत देणार.

पण त्या तिसऱ्या गोष्टीखाली माझा फोटो आहे. फोटोखाली लिहिलंय की चौथी शिकलेल्या या माणसाने डिक्शनरी घेऊन एकट्याने सूट मिळवायचा फॉर्म भरला, आजारी बायकोला एका शब्दाने कळू न देता.

मी कागद पालथा ठेवला. मग वाटलं, माझा एक पालथा करून काय होणार? वॉर्डातल्या प्रत्येक घरात पडलाय तो.

विमल माझी बायको. जानेवारीत गेली. मॅट्रिक पास होती — आमच्या वेळी, सातारच्या आमच्या भागात, मुलीने मॅट्रिक होणं म्हणजे काय ते कसं सांगू तुला? तिच्या वडिलांना सांगितलं होतं की मुलगा विलायतेत हॉस्पिटलात आहे. होतोच की! हॉस्पिटलच्या लाँड्रीत. चादरी धुवायला. ते समजले डॉक्टर. विमलला इथे आल्यावर कळलं आणि ती एवढी हसली की खालून घरमालक बघायला आला. मग आयुष्यभर घरातला प्रत्येक कागद तिने वाचला, प्रत्येक फॉर्म तिने भरला. गॅसचा, शाळेचा, पासपोर्टचा. ती बोट ठेवेल तिथे मी सही करायची, एवढंच माझं काम. गल्लीतल्या निम्म्या बायका आपली पत्रं घेऊन तिच्याकडे यायच्या.

मग ती विसरायला लागली. तपासण्या झाल्या. डॉक्टरने तिच्यासमोरच आजाराचं नाव घेतलं, इथे तशीच पद्धत आहे. तिने शहाण्यासारखी मान डोलावली, आणि कार पार्कपर्यंत येईतो विसरली. मलाच विचारते, "अहो, तुम्हाला काय निघालं? बीपी का?" शुभा, आमची मुलगी, कार्डिफला हॉस्पिटलात नोकरी करते, ती आली होती. तिने मला बाजूला घेतलं. "बाबा, एकदा सांगून झालं. ती विसरली, सुटली. आता पुन्हा नाही सांगायचं. मजेत आहे ना ती? राहू दे."

आणि होतीच मजेत. साखर फ्रिजमध्ये ठेवायची, दूध कपड्यांच्या कपाटात, आणि सापडलं की स्वतःच खो खो हसायची.

मग हे टॅक्सचं निघालं. घरात दोन माणसं असली आणि एकाला हा असला आजार असला, तर कौन्सिल त्या माणसाला मोजत नाही. घरात एकच माणूस धरतं आणि बिलात चौथा हिस्सा सोडतं. शुभाला कुठूनसं कळलं. तिने फॉर्म मला पोस्टाने पाठवला आणि वर फोन केला. "बाबा, ड्रॉवरमध्ये ठेवा. शनिवारी मी येतेय, मी भरते. आईच्या हाती लागू देऊ नका, फार वाईट शब्द आहेत त्यात." मी विचारलं, काय शब्द? तिने मराठीत सांगितले. बुद्धी कायमची अधू झालेली व्यक्ती, माणसांत वागण्याची समज गेलेली — असं काहीसं. 

शनिवारी शुभा आली तोवर फॉर्म भरून आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरकडे गेलासुद्धा होता. त्यांची सही लागते त्यावर. मी सांगितलं, मी भरला. डिक्शनरी घेऊन बसलो, भरला. ती बघतच राहिली. "बाबा, तुम्ही? एकट्याने?" आणि माझ्या गळ्यात पडली. कागदावरून कुणी मला शाबासकी देण्याची जन्मातली ती पहिली वेळ.

फॉर्म विमलने भरला होता.

हे लिहिलं आणि वाटलं, झालं, सुटलो. पण हे अर्धंसुद्धा नाही. कारण मी स्वतःलाही एक गोष्ट रचून सांगत आलोय — की मला इंग्रजी कुठे धड येतं, पन्नास वर्षांची सवय, कागद आला की तिच्यापुढे ठेवायचा, तसा ठेवला, चूक झाली. तूही मान्य केलं असतंस ना? कुणीही केलं असतं.

पण मला वाचता येतं. हळू येतं, पण येतं. लाँड्रीत इतकी वर्षं पाट्या वाचल्या, फोरमनच्या चिठ्ठ्या वाचल्या. शिवाय शुभाने शब्द सांगितले होते, ड्रॉवर सांगितला होता. सवय कसली?

तो गुरुवार होता. दुपारी शेजारच्या जयाबेन आल्या, बरोबर त्यांची बहीण आणि भावजय. मी चहा केला. विमल रंगात आली आणि तिने आमच्या लग्नाची गोष्ट काढली. अर्धी हिंदी, अर्धी त्यांची गुजराती. "माझ्या वडलांना वाटलं डॉक्टर! आणि हे बघा आमचे चादरीचे डॉक्टर. पगाराच्या दिवशी अंगठा लावायचे, अंगठा!" सगळ्या हसल्या. मीही हसलो. अंगठा मी कधीच लावला नाही, सही येते मला. पण जुनी थट्टा आहे तिची, चालायचंच.

दहा मिनिटांनी तिने तीच गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तोच अंगठा. पुन्हा हसल्या. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. आता त्या मला नाही, तिला हसत होत्या. हे मला दिसलं, बरं का. दिसलं नाही असं म्हणत नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. उठून त्यांना दार दाखवायला हवं होतं. पण माझ्या कानात एकच शब्द — अंगठा.

त्या गेल्या. विमल कप गोळा करत म्हणाली, "मजा आली ना हो?" मी ड्रॉवर उघडला. फॉर्म काढला, टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं. म्हणालो, एवढं भरून दे.

तिचं तोंड कसं उजळलं! कित्येक महिन्यांत तिला कुणी कागद दिला नव्हता. चष्मा शोधला, पदर सावरून ताठ बसली. "आणा. तुमच्याच्याने काय होणार?" पत्ता लिहिला, बिनचूक. आपलं नाव लिहिलं. जन्मतारीख मला न विचारता लिहिली. मग पुढे छापलेलं होतं ते वाचायला लागली.

इथे थांबतो जरा. पुढचं आधी सांगतो, मग इथे परत येतो. जमलं तर.

भरून झाल्यावर तिने कागद फिरवून माझ्यासमोर धरला, खालच्या रेघेवर बोट ठेवलं. म्हणाली, "इथे तुमची सही. माझी नाही चालत यात."  मी सही केली.

त्या दिवसापासून तिने लग्नाची ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. कुठलीच नाही. जयाबेन आल्या की स्वयंपाकघरात जाऊन बसायची. लेटरबॉक्स वाजला की दचकायची. काही बोलायचं झालं तर आधी माझ्याकडे बघायची, परीक्षेतल्या मुलीसारखी, आणि मग बोलायचीच नाही. सकाळी उठली की विचारायची, "काल मी नीट वागले ना?" आजार वाढला, असं मी सगळ्यांना सांगितलं. शुभा म्हणाली, असाच पायरी-पायरीने खाली जातो हा आजार, बाबा. मी मान डोलावली. नातीचं नाव विसरली, या घराचा जिना विसरली, शेवटी मी कोण ते विसरली. पण कुणी आलं की तोंड मिटून बसायचं, हे नाही विसरली. मी वाट बघत होतो विसरेल म्हणून. कार पार्कपर्यंत विसरणारी बाई — हेच कसं नाही विसरली?

ती गेल्यावर मी कौन्सिलला फोन केला, आता मी एकटाच म्हणून. बाई भली होती, दोनदा सॉरी म्हणाली. मग म्हणाली, बिलात काही फरक पडणार नाही, तुमच्या घरात आधीपासून एकच माणूस धरलाय.

तिच्या दिवसांना शुभाने नेहाला माझ्या डिक्शनरीची गोष्ट सांगितली. नेहा मला म्हणाली, तुम्ही हॉलमध्ये मीटिंगला बोला. दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणाली, "काका, लोकं ते नाव वाचूनच फॉर्म भरत नाही, लाज वाटते. तुम्ही बोललात तर लाज जाईल."  कुठलं कारण सांगू? गेलो. हॉल भरला होता. उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर डिक्शनरी सांगितली. पानं कशी उलटली ते सांगितलं. विमल शेजारच्या खोलीत झोपली होती, असंही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. टाळ्या झाल्या. शुभा पुढच्या रांगेत डोळे पुसत होती. त्यानंतर कितीतरी जणांनी तो फॉर्म मागून घेतला, म्हणे. चांगलंच झालं त्यांचं. आता येत्या रविवारी नेहा व्हिडिओ काढायला येणार आहे, याच टेबलाशी.

नाही कसं म्हणू? आणि नाही म्हणून काय बोलू? शुभा रोज संध्याकाळी फोन करते. आईचं निघालं की ठरलेलं बोलते, "एक बरं झालं बाबा, तिला शेवटपर्यंत कळलं नाही." तेवढ्या एका वाक्यावर ती पोर उभी आहे. मी म्हणतो, हो. रोज म्हणतो. आजही म्हणालो.

आता ते. परत येतो म्हणालो होतो.

ती वाचत होती तेव्हा मी कप विसळायला जाऊ शकलो असतो. गेलो नाही. टेबलाच्या समोरच्या बाजूला उभा राहिलो, तिचं तोंड दिसेल असा. तिचं बोट ओळीखालून सरकत होतं. त्या शब्दांपाशी आलं आणि थांबलं. मागे गेलं. पुन्हा आलं. अजूनही वेळ होता — कागद ओढून घ्यायचा, म्हणायचं, अगं दुसऱ्या कुणाचा आलाय चुकून. तिने विश्वास ठेवला असता. तिने वर बघितलं. काही विचारलं नाही, नुसतं बघितलं.

मी म्हणालो, "वाच की. तुला येतं ना वाचता?"

तिने मान खाली घातली आणि पुढची ओळ भरायला घेतली. आणि मला, गड्या — मला बरं वाटलं.