पुकारा आणि टेम्पो

समाज सुरक्षित राहतो तो तुरुंगाच्या भिंतीमुळे, असं आमच्या तालुक्यात नव्या बराकीच्या उद्घाटनाला सांगण्यात आलं. मीही टाळ्या वाजवल्या.

पुढे जमिनीच्या कामासाठी कोर्टात बसलो होतो, तेव्हा आवारात एक टेम्पो शिरला. त्यातून पारधी वस्ती उतरली. पुढे शेवंताबाई आणि तिच्या मुठीत मुलाचा, किसनचा, सदरा. गावात चोरी झाली की पोलीस आधी याच वस्तीवर जातात; किसन तसाच अडकलेला, आता जामिनावर. तारीख चुकली की वॉरंट, आणि माणूस पुन्हा आत. वस्तीला एसटी नाही, म्हणून मागे तो एकदा तसाच आत गेला होता. तेव्हापासून तारखेला वस्तीचा टेम्पो निघतो. डिझेल मिळतं ते बराक बांधून उरलेल्या सरकारी निधीतून.

"आये, सोड की. मी काय पळतोय व्हय?"

"पळशील कसला? तुला वेळेवर उठाया येत न्हाई."

शिपायाने किसनच्या नावाचा पुकारा केला. सगळी वस्ती ओरडली, "हजर!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "यातला आरोपी कोण?"

शेवंताबाईने सदरा पुढे केला. किसन त्यात होताच.

माणसाला तुरुंगापासून नेमकं काय लांब ठेवतं, याचं मला तेव्हापासून कुतूहल आहे. भिंत तर तो आत गेल्यावरच कामाला लागते.

पुढची तारीख घेऊन किसन टेम्पोत चढला. नव्या बराकीत सध्या उद्घाटनाच्या खुर्च्या ठेवल्या आहेत.