मंगलाष्टकांच्या जागी घातलेलं गाणं

माझ्या पहिल्या कॉम्प्युटरला एक वाईट खोड होती. चित्र आणि आवाज सोबत निघायचे, पण सोबत पोचायचे नाहीत. नव्वदीच्या अखेरच्या त्या मशीनमध्ये मी शूट केलेल्या लग्नाच्या कॅसेटवरचं चित्र एका कार्डातून आत जायचं आणि आवाज दुसऱ्या. सुरुवातीला दोघांचं बरं जमायचं, मग आवाज हळूहळू मागे पडायचा. कॅसेट अर्ध्यावर येईपर्यंत भटजी 'सावधान' म्हणून तोंड मिटून बसलेले असायचे आणि त्यांचं 'सावधान' अक्षता पडून गेल्यावर ऐकू यायचं.

ज्याने मशीन जोडून दिलं होतं त्याला मी इतक्या वेळा बोलावलं, की तो गंगापूर रोडवर माझ्या दुकानासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायला लागला. त्याने रॅम बदलली, विंडोज पुसून पुन्हा टाकलं, साउंड कार्ड या खाचेतून त्या खाचेत बसवलं. काही फरक पडला नाही. नाशिकमधल्या बाकीच्या मिक्सिंगवाल्यांकडे चौकशी केली, तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं. एक जण म्हणाला, "आवाज घेतोसच कशाला? सॉफ्टवेअरमध्ये आवाजापुढची खूण काढून टाक, नुसतं चित्र घे. वरून गाणी टाकायची आहेतच ना!"

मी खूण काढली आणि डोक्याचा ताप एका क्षणात गेला. डिस्कवर जागाही वाचते, असं मी लोकांना सांगायचो. खरं तर चित्रापुढे आवाजाला अशी कितीशी जागा लागते! पण आळसाला काहीतरी भारदस्त कारण लागतं. हळदीला हळदीचं गाणं, वरातीला नाचाचं, पाठवणीला रडायचं. लोक खूश होते. लग्नात कोण काय बोललं, हे कुणी विचारत नव्हतं.

असं विचारणारा एकच माणूस भेटला, तो सायखेडा गावचा.

त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न मीच शूट केलं होतं. मुलीचे वडील टोमॅटो-कोबी पिकवणारे, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख आवाजामुळे. आमच्याकडे गावच्या लग्नात मंगलाष्टकं नुसते भटजी म्हणत नाहीत. मामा, आत्या, मैत्रिणी, ज्याला येतं तो माइक घेतो. या गृहस्थांना तर आजूबाजूच्या गावांतून त्यासाठी बोलावणं यायचं. स्वतःच्या लेकीसाठी त्यांनी स्वतः एक कडवं रचलं होतं. मी खुर्चीवर उभा राहून शूट करत होतो. त्यांनी सूर लावला आणि पाठीमागे भांडी वाजवणारे आचारीसुद्धा थांबले. शेवटच्या ओळीत त्यांचा आवाज फाटला, ते क्षणभर थांबले आणि खालच्या पट्टीत त्यांनी ती पुन्हा म्हटली. मंडपातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला आठवतं, मी मनात म्हटलं होतं, क्लोजअप झकास मिळाला.

महिन्याभराने कॅसेट न्यायला ते स्वतः आले. दुकानातच बघायला बसले. मुहूर्त आला. पडद्यावर त्यांनी माइक तोंडाजवळ नेला, ओठ हलायला लागले आणि वर सनईवरचं एक फिल्मी गाणं वाजत राहिलं.

ते पुढे सरकून बसले. "इथं मी म्हणत व्हतो ना?"

"हो काका. पण तिथं गाणं घातलंय. आता सगळे असंच करतात. मंगलाष्टकं परत कोण ऐकतं?"

ते माझ्याकडे बघून हसले. "बरं. तुमाला त्यातलं जास्त कळतं."

मूळ कॅसेट तेव्हा माझ्या पाठीमागे फळीवर होती. कॉम्प्युटरला हातसुद्धा लावायची गरज नव्हती. एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर तेवढा तुकडा उतरवून दिला असता तर चहा येईपर्यंत काम झालं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण पुढचं लग्न दारात उभं होतं, आणि एकाचं केलं की सगळे मागतील, अशी भीती वाटली. मी कॅसेट पिशवीत घालून त्यांच्या हातात दिली.

आणि पुढच्याच आठवड्यात मूळ कॅसेटवर दुसरं लग्न घेतलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आम्ही सगळेच तसं करायचो. गिऱ्हाइकाकडे माल पोचला, की कॅसेट पुन्हा कॅमेऱ्यात. चित्रात रेघा यायला लागेपर्यंत ती वापरायची आणि मग माळ्यावर फेकायची.

काही वर्षांनी सगळं बदललं. नवीन कॅमेरा आला, एका वायरने चित्र आणि आवाज एकत्र आत यायला लागले, गिऱ्हाइकं कॅसेटऐवजी डीव्हीडी मागायला लागली. आता माझं भांडण लोडशेडिंगशी होतं. रेंडरिंग, म्हणजे जोडलेलं सगळं एकत्र शिजवून तयार होणं, संपत आलं की नेमके दिवे जायचे आणि यूपीएस केकाटायला लागायचा. अशाच एका दुपारी, मी अंधारात यूपीएसला शिव्या घालत असताना, दारात ती थोरली मुलगी उभी राहिली. पाठीमागे तिचे वडील. गळ्याभोवती उपरणं गुंडाळलेलं.

मी म्हटलं, "या काका, बसा." त्यांनी हात जोडले आणि हसले. बोलले नाहीत.

मुलगी म्हणाली, "दादांचं घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं त्यांचं. आता बोलता येत नाय." मग घाईघाईने पुढे म्हणाली, "धाकटीचं लगीन ठरलंय. ती म्हणती, ताईच्या लग्नात दादांनी म्हटलं तेच कडवं माझ्या लग्नात लावा. आमच्या कॅसेटमधी नुसतं गाणंच हाय. तुमच्याकडं मूळची असंल ना?"

खोटं सांगणं फार सोपं होतं. कॉम्प्युटर खराब झाला, कॅसेट पुरात भिजली, काहीही चाललं असतं. पण समोर तो माणूस उपरणं सावरत माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मला खोटं सुचलं नाही. मी खरं सांगितलं. आवाज मीच घेतला नव्हता आणि कॅसेटही मीच पुसली होती.

मुलगी एकदम उसळली. "पुसली? आमच्या दादांचा आवाज..." तेवढ्यात वडिलांनी तिच्या दंडावर हात ठेवला आणि जाऊ दे अशी मान हलवली. नुसती मान हलवण्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण शिव्या द्यायलाही त्यांच्याकडे आता काही उरलं नव्हतं.

ते गेल्यावर मी माळ्यावरच्या सगळ्या जुन्या कॅसेटी खाली काढल्या. मला एकच आशा होती. नवीन लग्न जुन्याइतकं लांबत नाही, तेव्हा कॅसेटच्या शेपटाला आधीचं थोडं शिल्लक राहतं. एकेक कॅसेट व्हीसीआरमध्ये घालून मी शेवटाकडे पळवत राहिलो. काम बाजूला पडलं, गिऱ्हाइकं चिडली. कुणाची तरी वरात, कुणाचा तरी साखरपुडा, मग निळा पडदा. आणि एका कॅसेटमध्ये निळ्या पडद्यानंतर सायखेड्याचा मंडप आला.

मुहूर्त गेला होता. पंगतीपासून पुढचं उरलं होतं. बुंदी वाढणारे हात, पाण्याचे जग, लहान मुलं. मग ते स्वतः फेटा सावरत थेट कॅमेऱ्याकडे आले आणि त्यांचा तो भरदार आवाज माझ्या दुकानात घुमला.

"अहो कॅमेरावाले, ठेवा ते खाली! शूटिंग कुठं पळून चाललंय? आधी दोन घास खाऊन घ्या. लेकीचं लगीन हाय, आज उपाशी नाय जायचं कोणी."

तेवढंच. पुढे चित्र हललं. म्हणजे मी कॅमेरा खाली ठेवला होता आणि त्यांच्या मंडपात पोटभर जेवलो होतो. हे मी साफ विसरलो होतो. मी खुर्चीत बसून रडलो, लाज वाटेपर्यंत रडलो.

सॉफ्टवेअरने मागचा गोंगाट काढून बघितला, पण आवाज डब्यातून आल्यासारखा व्हायला लागला. मग काहीच केलं नाही. होतं तसं सीडीवर घालून सायखेड्याला नेऊन दिलं आणि धाकटीचं शूटिंग मी करतो म्हणालो.

त्या लग्नात वडिलांचं कडवं थोरल्या मुलीने म्हटलं. तिला ते पाठ होतं. वडील तिच्या शेजारी उभे होते. मी कॅमेऱ्यातून त्यांच्या चेहऱ्यावर गेलो. त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. शब्द न् शब्द ते म्हणत होते, आणि आवाज दुसऱ्याचा येत होता. हे चित्र मी आधी पाहिलं होतं. माझ्याच दुकानात, मीच तयार केलेलं.

मग पंगत बसली आणि मंडपाच्या कर्ण्यातून तो आवाज आला. आज उपाशी नाय जायचं कोणी. वाढणारे जागच्या जागी थांबले. धाकटी मुंडावळ्यांसकट उठून उभी राहिली आणि वडिलांच्या कुशीत शिरली. सगळे रडत होते, हसत होते. कुणीतरी ओरडलं, परत लावा, आणि तो परत लावला गेला.

मी कोपऱ्यातून शूट करत राहिलो. जेवायचं माझ्या मनात नव्हतं. तेवढ्यात कॅमेऱ्यात मला दिसलं, की ते गर्दीतून वाट काढत माझ्याकडेच येत आहेत. समोर येऊन त्यांनी कॅमेऱ्यावर हात ठेवला, तो खाली करायला लावला आणि पाचही बोटं एकत्र करून तोंडाकडे नेली.

ओठ हलले. या वेळी वर घालायला माझ्याकडे कुठलंच गाणं नव्हतं. मी पंगतीत जाऊन बसलो.