सखाबाईचं मोडलेलं मनगट

तलावाच्या बांधावर पाय घसरला आणि सखाबाई हातावर आपटली. तेवढ्यानं मनगट मोडलं. वर्षभरात तिचं हाड मोडण्याची ही दुसरी खेप होती. भाऊ बुधराम संतापूनच आला आणि तिच्या नवऱ्याकडे, फकिराकडे बोट दाखवून ओरडला, "एवढ्याशा पडण्यानं हाड मोडते काय? यानंच मारलं ना तुले?"

"नाही दादा, मीच पडली."

फकिरानं अपमानानं तोंड फिरवलं, तसा बुधरामचा संशय वाढला. त्यानं दोघांनाही एसटीत बसवून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं.

एक्स-रे पाहून डॉक्टरांनी विचारलं, "बाई, पाळी कधी बंद झाली?"

"पस्तिशीतच. गाठीच्या ऑपरेशनात पिशवी, बीजकोश, सारंच काढलं. मंग साखरेची बिमारी लागली."

"हाडांना बळ देणारा बाईच्या शरीरातला रस बीजकोशांत तयार होतो. तो लवकर थांबला, वर साखर. हाडं आतून कमजोर झालीत. साध्या पडण्यानंही मोडतील."

बुधरामचा चेहरा उतरला. "चुकलं माझं, जवाई," तो पुटपुटला. फकिरानं नुसती मान हलवली. सखाबाईचा जीव भांड्यात पडला. पण बाहेर पडताना दवाखान्याच्या पायऱ्या दिसताच तिनं नवऱ्याचा दंड घट्ट धरला.