रांगेचं शेपूट

आमच्या भाऊजींना उद्यानात सगळे ‘शेपूट’ म्हणतात. त्यांना याचा राग येत नाही. मला पूर्वी यायचा. आता मीच चिडले की जिन्याखालून ओरडते, “शेपूट, चहा गार झाला!”

नाव तसं खोटंही नाही. समुद्राकाठच्या या राष्ट्रीय उद्यानात लोक डोंगरवाटेने चालायला येतात. वाट फाटकापासून जंगलात शिरते, कड्याच्या काठाकाठाने जाते आणि पलीकडच्या वाळूच्या लहानशा पुळणीवर उतरते. तिथून बोट सगळ्यांना समुद्रातून वळसा घालून फाटकाजवळच्या धक्क्यावर परत आणते. रांगेच्या पुढे गाइड असतो. तो बोलका, दिसायला बरा, पक्ष्यांची नावं धडाधड सांगणारा. लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. आणि सर्वांत मागे आमचे भाऊजी. कुणी दमून बसलं, कुणाच्या बुटाचा तळ निघाला, कुणाला झाडामागे जायचं झालं, की भाऊजी तोंड फिरवून उभे राहतात. कुणाच्याही पुढे जायचं नाही, हीच त्यांची नोकरी.

मी फाटकावरच्या तिकीटखिडकीत बसते. भाऊजी माझे धाकटे दीर. आमचे हे गेल्यापासून फाटकालगतच्या घरात आम्ही दोघंच. खाली मी, वर ते. लोकांनी काही दिवस तोंडं वाजवली, मग कंटाळले. भाऊजींचं लग्न झालं नाही. दोन ठिकाणी बोलणी झाली, पण तिथेही यांच्या तोंडाला कुलूप. एका घरी तर निघताना सगळे बाहेर पडेपर्यंत हे दाराशीच उभे राहिले. मुलीच्या वडिलांना वाटलं, या माणसाला अजून काहीतरी मागायचंय. झालं, तिथेच फिसकटलं.

त्यांच्या खोलीत एक खाट आहे, दोन खुर्च्या आहेत आणि शेजारच्या भिंतीकडे उघडणारी खिडकी आहे. एका खुर्चीवर ते बसतात, दुसरीवर कपडे. रेडिओ सदा चालू. एकदा मी विचारलं, बातम्यांत काय सांगितलं? तर म्हणाले, “लक्ष नव्हतं.” मग लावता कशाला, असं विचारणार होते, पण गप्प बसले. मीसुद्धा रिकाम्या स्वयंपाकघरात भांड्यांशी बोलतेच की.

एकच इच्छा होती माझी. या माणसाला कुणीतरी आपलं म्हणावं. मी वहिनी, मी आहेच. पण वहिनी म्हणजे घरातली भिंत. तिला टेकता येतं, तिच्याबरोबर फिरायला जाता येत नाही.

गेल्या थंडीत एका फिरायला आलेल्या गटात एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. वय भाऊजींच्याच आसपास, गुडघा दुखरा. पहिल्याच चढाला त्या मागे पडल्या आणि अर्थातच भाऊजींच्या वाट्याला आल्या. परत आल्यावर खिडकीशी थांबून मला म्हणाल्या, “तुमचा तो मागचा माणूस फार छान बोलतो हो.” मी दोनदा विचारलं, कोण म्हणालात?

पुढच्या आठवड्यात बाई एकट्याच आल्या. नंतर येतच राहिल्या. भाऊजी जेवताना बोलायला लागले. कापड उभं कापावं की तिरकं, यावर त्यांनी मला पोळी थंड होईपर्यंत समजावलं. मी मान डोलावत होते आणि मनातून इतकी खूश होते की भाजीत मीठ नाही हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आता बोटवाल्याची रीत सांगायला हवी. तो माणसं मोजायचा नाही. भाऊजींचा पाय बोटीत पडला की दोर सोडायचा. शेपूट आलं म्हणजे अख्खा प्राणी आला, असं त्याचं म्हणणं. इतकी वर्षं ते कधी चुकलं नाही, कारण भाऊजी कधी चुकले नाहीत.

मग एके दिवशी शेवटच्या वळणावर सगळे फोटो काढत रेंगाळले होते. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, “तुम्ही ती पुळण कधी रिकामी पाहिलीय का? माणसं उतरायच्या आधी?” पाहिली नव्हती. त्यांना नेहमी पाठीच दिसायच्या. बाईंनी त्यांची बाही धरली आणि दोघं पुढे निघाले. भाऊजींनी मला नंतर सांगितलं, वाळूवर एकही पाऊल नव्हतं, आणि आपण काय बोललो ते त्यांना आठवत नव्हतं. बोट आली तेव्हा दोघं सर्वांत आधी चढून पुढच्या फळीवर बसले. मागून लोक आले. बोटवाल्याने पाहिलं, भाऊजी आत आहेत. त्याने दोर सोडला.

अर्ध्या वाटेवर एक तरुण ताडकन उठून ओरडला, “आमचे बाबा कुठायत?”

बोट वळली. भरती चढत होती, पुळणीची वाळू निम्मी बुडाली होती. म्हातारा एका खडकावर बूट हातात घेऊन उभा होता, गुडघ्यापर्यंत भिजलेला. काटा काढायला बसला होता बिचारा. भाऊजींनी पाण्यात उडी मारून त्याला खांद्यावर आणलं. म्हातारा शिव्या देत नव्हता, तेच वाईट झालं. तो एवढंच म्हणत राहिला, “मी मागे वळून पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं.”

भाऊजींची नोकरी गेली नाही. साहेबांनी चार शब्द सुनावले आणि नवा नियम काढला, की बोटवाल्याने तिकिटं पाहून माणसं मोजायची, भरली की निघायचं. मला वाटलं, बरंच झालं, भाऊजींच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. पण ते जास्तच मागे पडायला लागले. प्रत्येक खडकामागे डोकावायचं, प्रत्येक झुडपाला वळसा घालायचा. बाई दोनदा आल्या. गुडघा एव्हाना बरा झाला होता, तरी यांच्यासाठी त्या वळणावळणावर थांबायच्या. त्या थांबल्या की हेही मागे तिथेच थांबायचे. अशाने का कुणी कुणाला भेटतं? घरी बोलणं पुन्हा बंद आणि रेडिओ चालू.

मग परवा सकाळी बाई खिडकीशी आल्या. म्हणाल्या, “मी आज संध्याकाळच्या बसने लेकीकडे चाललेय, कायमची. म्हणजे, इथे राहण्यासारखं काही नसेल तर. त्यांना सांगाल? आज मी वाटेत थांबणार नाही. बोटीत माझ्या शेजारची जागा धरून ठेवते. येऊन बसले तर मला समजेल.”

मी पळतच जाऊन भाऊजींना निरोप दिला, शब्दन्‌शब्द. ते बुटाची नाडी बांधत होते. “बरं,” म्हणाले. मग बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली, आणि खोलीत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी तिकिटं चुकीची फाडत होते दिवसभर. देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

बोट धक्क्याला लागली. लोक उतरले. बाई सर्वांत शेवटी उतरल्या, एकट्याच.

“ते कुठायत?” मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन विचारलं.

“नाही आले.” बाई हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. “शेजारी पिशवीच घेऊन आले मी. बोटवाल्याला म्हटलं, ते यायचेत अजून. तो म्हणाला, माणसं पूर्ण झाली. त्यांचं काय, ते हल्ली डोंगरावरूनच परत येतात.”

मला हे ठाऊकच नव्हतं. रोज उशिरा येतात म्हणून मी त्यांना किती टाकून बोलले होते! बाईंना म्हटलं, थांबा थोडं. त्या म्हणाल्या, “बसची वेळ झाली. मला उत्तर मिळालं हो.” आणि गेल्या.

दिवे लागल्यावर भाऊजी आले. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. मी ताट वाढलं आणि समोर बसले.

“नव्हतंच जायचं तर शर्ट कशाला बदललात?”

“जायचं होतं, वहिनी.” ते ताटाकडे पाहत म्हणाले. “मागचे खडक बघता बघता उशीर झाला. उतरलो तेव्हा बोट सुटली होती. मोजणीत मी नसतो ना. तिकीट नाही माझं.”

“याआधीही सोडून गेलेत तुम्हाला?”

“कधी कधी.”

“बोट किती लांब होती?”

“जवळच होती. त्यांची पाठ दिसत होती.”

“मग हाक का नाही मारली?” माझा आवाज चढला. “तोंड शिवलं होतं का तुमचं?”

“माझ्या एकट्यासाठी अख्खी बोट वळवायची?”

“त्या म्हाताऱ्यासाठी वळवलीच होती की!”

“त्यांचा मुलगा होता बोटीत,” भाऊजी म्हणाले.

मला इतका संताप आला की रडूच फुटलं. “आणि आज शेजारची जागा अडवून बसलेली ती बाई कुणाची होती हो? बोटवाल्याशी भांडली ती तुमच्यासाठी. तो म्हणाला, तुम्ही डोंगरावरूनच येता. तुम्हाला यायचंच नव्हतं, असं समजून गेली ती!”

घास त्यांच्या हातातच राहिला. मग अगदी हळू विचारलं, “बस गेली का?”

“गेली,” मी म्हणाले.