गोपालचा रिमोटवाला पंखा

तुम्ही फक्त एक पंखा विका, किस्से आपोआप दुकानात चालत येतात! त्यातून तो रिमोटवाला असेल तर विचारूच नका. गोंदियात आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मी काउंटरवर असायचो. आमचा फिटर गोपाल, त्यानेच मालक सेठजींच्या मागे लागून लागून रिमोटचे पंखे मागवले. सेठजींनी पहिल्याच दिवशी दम भरला, "एक भी पंखा वापस आया तो रिमोट बंद! फिर बैठ रेग्युलेटर कसते!"

"एकही नाही येत, सेठजी!" गोपालची छाती फुगलेलीच.

*

पहिला फोन नागरा गावच्या एका गुरुजींचा. "पंखा मेला! घेऊन जा!"

गोपाल धावत गेला. पाहतो तर काय, भिंतीवरचं बटन बंद!

"गुरुजी, हे चालू ठेवा लागते."

"मंग रिमोट कायले घेतला?" गुरुजी तडकले. "बटनच दाबाचं होतं तं जुना पंखा का वाईट होता?"

शेवटी त्या बटनावर चिकटपट्टी लावूनच गोपाल परतला.

*

नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लागतंच. एका काकूंनी पंखा उंच म्हणून पूजा केली रिमोटची. वर पाणीही शिंपडलं! स्पीड वाढवायचं बटन दबलं ते वर येईना. गोपाल पोचला तेव्हा काकू स्वेटर घालून बसलेल्या.

"काकू, पूजा पंख्याची कराची ना!"

"मंग शिडी तू आणून देतो का?"

*

नागझिऱ्याचा एक गाइड. पायाचा ठसा पाहून वाघ कुठे गेला ते सांगणारा माणूस! त्याचा रिमोट हरवला, सारं घर पालथं घातलं. "पंखा वापस ने," म्हणाला. रिमोट निघाला त्याच्याच खाकी शर्टाच्या खिशातून, आणि शर्ट अंगातच!

बायको म्हणाली, "खरं सांगा, वाघ तरी दिसते का तुमाले?"

*

आणि मग दवनीवाडा गावचं ते घर! दोन भाऊ, एकाच घराच्या दोन वाटण्या, मधे छपरापर्यंत न पोचलेली एक भिंत. शेताच्या बांधावरून कैक वर्षं बोलणं बंद. पण एकाने काही घेतलं की दुसऱ्याला तेच हवं. थोरल्याने आमचा पंखा नेला, तर पाठोपाठ धाकटा हजर!

मग थोरल्याचा फोन आला. "पंखा आपल्या मनानं फिरून राहिला! उतरव आन् वापस ने!"

सेठजी ऐकतच होते. गोपालचा चेहरा पडला. मीही सोबत निघालो.

गोपालने सारं पाहिलं आणि हसायलाच लागला. "भाऊ, लाइन आल्याबरोबर जो रिमोट पहिला दाबला, त्याचंच हा पंखा ऐकते. लोडशेडिंग संपली का तुमचा धाकटा तिकडून पहिले दाबते. दोन्ही पंखे त्याचे! थांबा, सेटिंग वेगळी करून देतो."

त्याने शिडी लावली. पंखा हळूहळू फिरत होता, थोरले घामाने निथळत होते. एकाएकी भिंतीकडे तोंड करून ओरडले, "अबे, तीनवर कर ना! गरमी होऊन राहिली!"

आम्ही दोघं जागच्या जागी थिजलो.

मग पंखा भर्रकन फिरू लागला! भिंतीवरून आवाज आला, "चारवर करू का, दादा?"

गोपालने शिडीवरूनच भीत भीत विचारलं, "भाऊ, मंग पंखा उतरवू?"

"काऊन गा?" थोरले म्हणाले. "चालू तं आहे!"